बारा पॅनल उघडी आणि प्रश्न ॲपचा

वाचकाचं पत्र

नमस्कार. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनल, म्हणजे पंप-मशीन चालवणारी विजेची कपाटं, बनवायचं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मोठा दादा आणि मी बघतो. दादा शेड आणि साइट, मी ऑफिस, खरेदी आणि ग्राहकांचे फोन. आम्ही धरून चौदा माणसं. या घडीला बारा पॅनलची कामं चालू आहेत, महिन्याला चारेक डिस्पॅच होतात. कोटेशनमध्ये सहा आठवडे लिहितो आणि लागतात तीन महिने. व्हॉट्सॲपवर सात ग्रुप आहेत, दादाची डायरी आहे, माझी एक्सेल आहे, आणि आमचे फोरमन अण्णा म्हणतात, माझ्या डोक्यात सगळं आहे. गेल्या वर्षी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं एक सॉफ्टवेअर वर्षाचे पैसे भरून घेतलं. त्यात मी एकटीच माहिती भरत होते, मग मीही सोडून दिलं. भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो, आत्या, जिरा नावाचं सॉफ्टवेअर घे. दादा म्हणतो, नवीन काही नको, ग्रुपवर टाकत जा. आता सिंहस्थाच्या कामातला एक ठेकेदार पंप हाऊससाठी सहा पॅनलची ऑर्डर देतोय, त्यात उशिराला दंडाचं कलम आहे. शिवाय द्राक्षाच्या हंगामाआधी पाहिजे म्हणून पिंपळगावचे दोन कोल्ड स्टोरेजवाले मागे लागलेत. साधं, हलकं, सगळ्यांना जमेल असं काही सुचवा. आणि दादाला कसं पटवू तेही सांगा.

— अंबडची एक बहीण

उत्तर

ताई,

ॲपच्या प्रश्नाकडे येतेच. त्याआधी तुम्हीच लिहिलेले दोन आकडे शेजारी ठेवा. बारा कामं उघडी, महिन्याला चार डिस्पॅच. बाराला चारने भागलं की तीन येतात. तुमच्या पॅनलला तीन महिने का लागतात, ते एवढंच आहे. हा काही माझा जावईशोध नाही. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली हे गणिताने सिद्ध करून ठेवलंय. एखाद्या ठिकाणी सरासरी जितकी कामं आत असतात, त्या संख्येला कामं बाहेर पडण्याच्या वेगाने भागलं की एका कामाला सरासरी लागणारा वेळ निघतो. बँकेतल्या रांगेला हे लागू आहे, दवाखान्याला लागू आहे आणि अंबडच्या शेडलाही. सरासरीचा नियम आहे, एखादं पॅनल पंधरा दिवसांतही जाईल, पण मग दुसरं कुठलंतरी साडेपाच महिने पडून राहिलेलं असेल.

आता हेच उलटं करून बघा. सहा आठवडे म्हणजे दीड महिना. महिन्याला चारच बाहेर पडत असतील, तर शेडमध्ये एका वेळी सहाच पॅनल उघडी असायला हवीत. बारा नाहीत. त्यात ठेकेदाराची सहा आहेत तशीच ढकललीत तर होतील अठरा, आणि अठरा भागिले चार म्हणजे साडेचार महिने. मग बाजारातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर आणलंत तरी दंड भरावा लागेल, फक्त तो किती दिवसांचा ते रंगीत आलेखात दिसेल.

यावर तुमचे दादा म्हणतील, ग्राहक ऐकतो का? काम हातात घेतलं असं सांगावं लागतं. म्हणूनच तर ड्रॉइंग अप्रूव्ह व्हायच्या आधी पत्रा कापला जातो, ॲडव्हान्स यायच्या आधी स्विचगियरची, म्हणजे ब्रेकर-कॉन्टॅक्टरची, ऑर्डर जाते, आणि वायरमनला रिकामं बसवायचं नाही म्हणून जे समोर दिसेल त्याच्या वायरिंगला हात लावला जातो. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकाचे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) काढून दुसऱ्यात बसतात, कारण दुसऱ्याचा ग्राहक जास्त ओरडतोय. अर्धवट सोडलेल्या पॅनलकडे तीन आठवड्यांनी वायरमन परत जातो, तेव्हा कुठला फेरुल (वायरीवरची नंबराची रिंग) कुठल्या टर्मिनलला गेला होता हे शोधण्यात त्याचा निम्मा दिवस जातो. आणि तोवर लाखांचा माल अर्ध्या कपाटांत बसून असतो, त्याचं बिल मात्र तुम्ही डीलरला देऊन बसलेल्या असता.

म्हणून पहिला नियम असा करा, की तीन गोष्टी झाल्याशिवाय पॅनल ‘उघडायचं’ नाही: जीए ड्रॉइंगवर (पॅनलच्या मापांच्या आणि मांडणीच्या नकाशावर) ग्राहकाची सही, ॲडव्हान्स खात्यात, आणि ज्याला यायला सर्वांत जास्त वेळ लागतो तो माल, म्हणजे पीएलसी (पॅनलमधला छोटा संगणक), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) किंवा मोठा ब्रेकर, एकतर हातात किंवा त्याची पक्की तारीख हातात. बाकीची कामं दाराबाहेर रांगेत. रांगेतला ग्राहकही वाट बघतोच, हे खोटं नाही. पण तुमचं कोटेशन काढून बघा. पॅनलच्या धंद्यात डिलिव्हरीची मुदत बहुतेक ठिकाणी ‘अप्रूव्ह्ड ड्रॉइंग आणि ॲडव्हान्स मिळाल्यापासून’ अशी लिहिलेली असते. तुमच्याकडेही तसं असेल तर ते पाळा, नसेल तर आजच घाला. कोल्ड स्टोरेजवाल्यांना स्पष्ट सांगा: द्राक्षं जानेवारी-फेब्रुवारीत आत यायला लागणार, तर ड्रॉइंगवर सही अमुक तारखेच्या आत हवी, नाहीतर आमच्याकडून होणार नाही. शेतकऱ्याशी रोज व्यवहार करणारी माणसं आहेत, तारखेची भाषा त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळते.

आता साधन.

तुमच्या शेडला आत्ता लागतोय तो एक बोर्ड, वायरिंगच्या जागेशेजारी, येता-जाता दिसेल असा. तो विकतही आणू नका. कुठल्याही पॅनलच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला एखाद-दोन नाकारलेले दरवाजे टेकून ठेवलेले असतात, कटआउट चुकलेले नाहीतर पावडर कोटिंगला डाग पडलेले. सीआरसीए म्हणजे पोलादी पत्राच तो, लोहचुंबक पक्कं बसतं. दोन दरवाजे आडवे, एकाला एक लागून भिंतीवर ठोका. पॅनलच्या नेहमीच्या ७०३२ नंबरच्या खरखरीत राखाडी रंगावर मार्करने लिहायच्या भानगडीत पडू नका, पुसलं जाणार नाही. कप्पे पाडायला इन्सुलेशन टेप आहेच की, काळी. आणि लाल, पिवळी, निळी टेपही तुमच्याकडे ढिगाने असते, ती पुढे कामाला येईल.

कप्प्यांची नावं तुम्ही ठरवू नका, दादांनाही ठरवू देऊ नका. अण्णांना विचारा, ‘अण्णा, पॅनल कुठून कुठे जातं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ ते जे म्हणतील तेच लिहा. बहुधा ‘माल’, ‘पत्रा-पावडर’, ‘फिटिंग’, ‘वायरिंग’, ‘टेस्टिंग’, ‘गाडी’ असं काहीतरी येईल. ‘गाडी’ म्हणाले तर गाडीच लिहा, डिस्पॅच नको. ज्या माणसाला बोर्ड हलवायचाय त्याची भाषा त्यावर असली, की अर्धी लढाई तिथेच संपते. तुमचं गेल्या वर्षीचं सॉफ्टवेअर यातच मेलं असणार. त्यात ‘टास्क’, ‘माइलस्टोन’, ‘असाइनी’ होते आणि अण्णांच्या शेडमध्ये यातलं काहीच नव्हतं.

प्रत्येक पॅनलचं एक जाड कागदाचं कार्ड, पोस्टकार्डाएवढं. पुढे चारच गोष्टी: जॉब नंबर, ग्राहक, पॅनलचं नाव, कबूल केलेली तारीख. मागची बाजू कोरी ठेवा. कार्ड एका कप्प्यातून पुढच्यात सरकवलं, की सरकवणाऱ्याने मागे फक्त त्या दिवसाची तारीख टाकायची. बाकी अक्षर नको. पॅनल गेलं की कार्ड एका डब्यात. दोन-तीन महिन्यांनी तो डबा उघडून बसा. तुमचा वेळ नेमका कुठे जातो, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही इतक्या सरळपणे त्या तारखा सांगतील. माझा कयास आहे की वायरिंग हे कारण निघणार नाही, आजवर सगळे वायरमनलाच बोलत आले असले तरी. पावडर कोटिंगला बाहेर पाठवलेला पत्रा आणि ग्राहकाच्या इन्स्पेक्शनची तारीख, ही दोन ठिकाणं मी आधी बघेन.

प्रत्येक कप्प्याच्या डोक्यावर एक आकडा लिहा. वायरिंगला दोन जोड्या असतील तर तिथे ३. म्हणजे दोन पॅनलवर हात चालू, एक तयार उभं. चौथं कार्ड त्या कप्प्यात जाणार नाही, मग ग्राहक कोणीही असो. कप्पा भरला आणि फिटिंगवाल्याचं काम उरकलं, तर त्याने नवीन कपाट उघडायचं नाही, टेस्टिंगवाल्याच्या हाताखाली उभं राहायचं. सगळ्यात जड जाणारा नियम हाच आहे, कारण मोकळा माणूस बघून मालकाच्या पोटात गोळा येतो. पण हा नियम काढलात तर भिंतीवर उरेल नुसती नोटीस.

ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे ताइची ओनो यांनी कार्डांवर काम ओढायची रीत बसवली, तीच कानबान. आपल्याकडे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या युनिटमध्ये कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या स्टोअरमध्ये एकदा डोकावून या, मालाच्या डब्यांना लावलेली कानबानची कार्डं बघायला मिळतील. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही कार्डं आपल्याकडे नेली ती कितीतरी नंतर. त्यामुळे भाचा जे पडद्यावर दाखवेल ते मूळचं शेडमधलंच आहे, हे अण्णांना जरूर सांगा. त्यांना आवडेल.

आता लाल टेप. एखादं काम अडलं, म्हणजे आज आपल्या हातांनी त्यात काहीच करता येत नाही अशी स्थिती आली, की कार्डावर लाल टेपचा तुकडा लावायचा आणि त्यावर तीन गोष्टी: कशावर अडलंय, कोणाकडे अडलंय, कधी विचारायचं. उदाहरणार्थ, ‘पीएलसी. पुण्याचा डीलर. बुधवारी फोन.’ बस. ‘फॉलोअप चालू आहे’ हे शब्द बोर्डवर चालणार नाहीत. फॉलोअप चालू आहे याचा अर्थ कोणीच फोन केलेला नाही. मला विचाराल तर संपूर्ण बोर्डवर हा लाल तुकडाच सगळ्यात मोलाचा आहे. पत्रा कापणं, वायर ओढणं यात तुमची माणसं तरबेज आहेत, ते होतंच. काम मरतं ते दोन माणसांच्या मधल्या जागेत: ग्राहकाकडे सहीला गेलेलं ड्रॉइंग, पावडरवाल्याकडे पडलेले दरवाजे, अकाउंटवाल्याच्या टेबलावरची पीआय, म्हणजे आगाऊ बिल. त्या जागेचा मालक कोणी नसतो. लाल टेप लावली की नाव लागतं.

रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी, चहाच्याही आधी, दहा मिनिटं बोर्डसमोर उभं राहायचं. तुम्ही, दादा, अण्णा, टेस्टिंगवाला. खुर्च्या नकोत. आणि सुरुवात उजवीकडून, गाडीच्या कप्प्यापासून. सगळे डावीकडून सुरू करतात, नव्या कामांवर गप्पा रंगतात आणि जे उद्या जायचंय त्याच्यापाशी पोहोचेपर्यंत चहा आलेला असतो. उजवीकडून सुरू केलं की पहिला प्रश्न आपोआप येतो, हे आज जायला काय कमी आहे? नेमप्लेट कमी आहे. केबल आत घ्यायची ग्लँड प्लेट कमी आहे. ज्या गोष्टीमुळे लाखाचं बिल अडतं ती बहुतेक वेळा दोनशे रुपयांची असते.

एवढ्यावर शेड चालेल. ऑफिससाठी मात्र बोर्ड पुरणार नाही. ग्राहकाचा फोन आला की तुम्ही दर वेळी उठून शेडमध्ये जाणार नाही, आणि दादा सिन्नरला साइटवर असतील तेव्हा त्यांना भिंत दिसणार नाही. त्यासाठी गुगल शीट. फुकट आहे, फोनवर चालते, मराठीत लिहिता येतं, आणि कीबोर्डवरचा माइक दाबून बोललात तर टाइपही करावं लागत नाही. तुमची एक्सेल मला न बघताही माहीत आहे: तीसेक कॉलम, त्यातले पंधरा रिकामे. नव्या शीटला आठच कॉलम द्या. जॉब नंबर, ग्राहक, पॅनल, कुठल्या कप्प्यात, कशावर अडलंय, कोणाकडे, पुढची तारीख, कबूल केलेली तारीख. नववा कॉलम घालायचा मोह होईल त्या दिवशी आधीच्या आठांतला एक काढा. रेट, जीएसटी, बिल नंबर, स्टॉक यातलं काहीही इथे नको. ते टॅलीत आहे, तिथेच राहू दे. एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला की महिन्याभरात ते दोन वेगळे आकडे होतात.

शीटमध्ये तीनच गोष्टी शिकून घ्या. ‘कुठल्या कप्प्यात’ या कॉलमला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे एक जण ‘वायरिंग’, दुसरा ‘वायरींग’ आणि तिसरा ‘वायरिंग चालू’ असं लिहिणार नाही. ‘पुढची तारीख’ या कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नियम द्या, तारीख आजच्या आधीची असेल तर घर लाल. त्याला फॉर्म्युला लागत नाही, यादीतून निवडायचं असतं. आणि व्हर्जन हिस्टरी कुठे आहे ते बघून ठेवा. कोणी चुकून सगळं पुसलं तर कालची शीट परत आणता येते. आणखी एक, शीट तुमच्या वैयक्तिक जीमेलवर नको, फर्मच्या नावाने खातं उघडून त्यावर ठेवा. बदल करायचा हक्क तिघांना, बाकीच्यांना फक्त बघायला. रोज सकाळी उभं राहणं संपलं की बोर्डवर जे बदललं तेवढं तुम्ही शीटमध्ये चढवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. हे तुमच्याच गळ्यात पडणार, याला इलाज नाही. चौघांवर टाकलंत तर कोणीच करणार नाही.

जाता जाता, हमखास लागणारी गोष्ट सांगते. ग्राहकाने माल स्वीकारल्याची तारीख कार्डाच्या मागे लिहीत जा. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल आणि युनिट सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं असलं तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि हे दिवस मोजले जातात माल स्वीकारल्यापासून. नाहीतर वसुलीचा वाद झाला तर ती तारीख व्हॉट्सॲपमध्ये शोधत बसाल.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. दादा म्हणतात ग्रुपवर टाकत जा, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. साइटवरून फोटो, ‘गाडी निघाली’, ‘कॉन्टॅक्टरचं कॉइल कितीचं?’ यासाठी त्याच्यासारखं काही नाही. पण ग्रुप हे बोलायचं ठिकाण आहे, नोंद ठेवायचं नाही. सकाळी ठरलेलं संध्याकाळी चाळीस मेसेज वर गेलेलं असतं, आणि पिन करून ठेवायचं म्हटलं तरी एका ग्रुपमध्ये तीनच मेसेज पिन होतात, तेही जास्तीत जास्त तीस दिवस. म्हणून नियम सोपा ठेवा: ग्रुपवर काहीही ठरो, तारीख बदललेली बोर्डवर आणि शीटवर चढली नाही तोवर ती बदललेली नाही. सातपैकी पाच ग्रुप बंद करा. एक शेडचा, एक साइटचा. ग्राहकांसोबतचे ग्रुप तर आजच बंद करा. ‘सर, उद्या नक्की’ लिहायला तिथे कोणाचाही हात सुटतो, आणि त्या उद्याला मग तुम्ही बांधल्या जाता.

भाच्याच्या सूचनेबद्दल. जिरा वाईट नाही, पण ते २००२ साली निघालं ते सॉफ्टवेअरमधल्या चुका टिपायला, आणि आजही त्याची सगळी घडण त्याच माणसांसाठी आहे. त्याचं सेटिंग सांभाळायला कंपन्या वेगळा माणूस ठेवतात. भाच्याला ते सोपं वाटतं कारण त्याच्या ऑफिसमध्ये ते दुसऱ्या कोणीतरी बसवून दिलंय. रेडमाइन किंवा कानबोर्ड ही फुकटची, मुक्त स्रोत साधनं आहेत. कानबोर्ड तर खरोखर हलकं आहे, पण दोन्ही चालवायला सर्व्हर लागतो, आणि तो बंद पडला की भाच्याला पुण्याहून फोनवर धरावं लागणार. नको.

पडद्यावरचं काही घ्यायचंच झालं तर ट्रेलो. तुमचा भिंतीवरचा बोर्ड जसाच्या तसा फोनवर: कप्पे, कार्डं, कार्डावर फोटो, तारीख. २०११ पासून आहे. फुकटच्या योजनेत एका वर्कस्पेसमध्ये दहा माणसांची मर्यादा आहे, ती तुम्हाला आडवी येऊ नये, कारण चौदांपैकी चार-पाच जणांनाच ते लागेल. पण ते आत्ता नाही. दुसरी शेड घेतलीत, किंवा कमिशनिंगच्या (साइटवर पॅनल चालू करून देणाऱ्या) दोन टीम एकाच वेळी बाहेर राहायला लागल्या, तेव्हा घ्या. एकाच छपराखाली सगळे असताना भिंत जिंकते, कारण भिंत उघडायला लॉगिन लागत नाही.

कोणीतरी एमएस प्रोजेक्टचं नावही काढेल, आडव्या पट्ट्यांचा तो तक्ता दाखवून. तो तक्ता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो, शंभर वर्षांपूर्वीचा आहे. आणि कामांची साखळी लावून वेळ काढायचं पर्ट नावाचं तंत्र अमेरिकन नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी वापरलं. ही साधनं एकच अवाढव्य काम असेल, त्यात शेकडो वेगवेगळी कामं एकमेकांवर अवलंबून असतील, त्यासाठी. तुमच्याकडे उलट आहे. लहान लहान बरीच कामं, आणि सगळ्यांची वाट एकच. प्रत्येक पॅनलला वेगळा तक्ता काढत बसलात तर तक्तेच सांभाळाल.

ठेकेदाराच्या ऑर्डरसाठी मात्र एकदा, एका कागदावर, तारखा उलट्या मोजून काढा. तेवढ्याला पेन्सिल पुरते. समजा गाडी ३० तारखेला निघायची. इन्स्पेक्शन आणि त्यात निघालेल्या दुरुस्त्या यांना चार दिवस धरा, म्हणजे टेस्टिंग २५ ला संपलं पाहिजे. टेस्टिंगला तीन दिवस, वायरिंग २२ ला पूर्ण. असं मागे मागे येत ड्रॉइंगच्या सहीपर्यंत या. मधल्या दिवसांचे आकडे तुम्ही टाकू नका, अण्णांकडून घ्या, आणि दिवाळीची सुट्टी, गावी जाणारे वायरमन, पावडरवाल्याकडची गर्दी हेही धरा. शेवटी जी सहीची तारीख येईल ती कदाचित उलटून गेलेली असेल. तसं असेल तर ते पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, घेण्याआधी कळलेलं बरं.

आणि पीओ घेण्याआधीच दोन गोष्टी मागा. एक, सहा पॅनल तीन-तीनच्या दोन लॉटमध्ये देण्याची मुभा, पैसेही लॉटप्रमाणे. पंप हाऊसचं सिव्हिल काम सुरू असताना सहाही पॅनल एकदम ठेवायला ठेकेदाराकडे तरी जागा कुठे असते? दोन, दंडाची मुदत अप्रूव्ह्ड ड्रॉइंगच्या तारखेपासून मोजली जावी आणि त्याला कमाल मर्यादा असावी. बऱ्याच कंत्राटांत आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के असं असतं. तुमच्या कागदावर कमाल मर्यादाच नसेल तर सही करू नका, आधी बोला.

आता दादा. तुम्ही लिहिलंय ‘कसं पटवू’. पटवायला जाऊ नका. त्यांची डायरी काढून घ्यायचा प्रयत्न तर अजिबात नको. तीस वर्षं जुनी सवय असेल ती, आणि डायरीत ग्राहकाच्या मुलाचं लग्न कधी आहे इथपर्यंत असतं, ते कुठल्याही शीटमध्ये मावणार नाही. डायरी त्यांची, फक्त ग्राहकाला कबूल केलेली तारीख त्यांनी स्वतः कार्डावर लिहायची. इतरांनी नाही. आणि तारीख देण्याआधी बोर्डकडे बघायचं, फोन कानाला असला तरी. एवढं एकच त्यांच्याकडून मागा. बाराला चारने भागलेलं त्यांना कागदावर दाखवा. बोलून नको, भाऊ-बहिणीचं बोलणं कुठून सुरू होऊन कुठे जातं ते मी सांगायला नको. कागद टेबलावर ठेवा आणि चहा सांगायला जा. ‘तू ऑफिस बघ, शेड मी बघतो’ ही वाटणी वडिलांच्या वेळी ठीक असेल. पण आज तुमचं काम नेमकं ऑफिस आणि शेड यांच्या मधल्या पट्टीत अडतंय, आणि त्या पट्टीला तुम्ही हात लावल्याशिवाय सुटणार नाही. हे त्यांना एकदा स्वच्छ शब्दांत सांगावं लागेल, आणि ते तुम्हालाच सांगावं लागेल.

अण्णांची काळजी करू नका. ‘माझ्या डोक्यात सगळं आहे’ हे ते खरंच बोलतायत. पण त्यामुळे त्यांना तापात सुद्धा सुट्टी मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं. फोन त्यांच्या हातात देऊ नका. कार्ड सरकवायचा अधिकार फक्त त्यांना द्या. तुम्हीही सरकवायचं नाही, दादांनीही नाही. टेस्टिंग झालं असं अण्णा म्हणाले आणि कार्ड त्यांच्या हाताने हललं, तरच झालं.

राहिलं ते गेल्या वर्षीचं सॉफ्टवेअर. वर्ष संपत आलं असेल तर आधी त्यातली माहिती एक्सपोर्ट करून एका फाइलमध्ये उतरवून घ्या, निदान ग्राहकांची यादी आणि जुन्या जॉबच्या तारखा तरी. मग नूतनीकरण बंद करा. बँकेच्या कार्डावरून आपोआप पैसे जायचं लावलेलं असेल तर पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो सातव्या ग्रुपच्या खाली कुठेतरी दबलेला असेल. आजच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते मँडेट रद्द करा.